पार्ट नंबर सतरा

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या कारखान्यात घासकामाची पावडर जशी टेबलावर, केसांत आणि डब्यातल्या भाजीत आपोआप जाऊन बसते, तसे तेही साचत जातात. मग एखाद्या दिवशी कामात जीव लागत नाही आणि माणूस तेच झटकत बसतो. गेल्या महिन्यात आमचे असे बरेच दिवस गेले, कारण आमच्यावर चोरीचा आळ आला होता!

आधी आम्ही कोण ते सांगते. लोहाऱ्याच्या इंडस्ट्रियल एरियात दालमिलच्या मागे आमच्या दोन खोल्या आहेत. जगभरातले हौशी लोक लढाऊ विमानांची प्लास्टिकची छोटी मॉडेलं जोडतात. किटमध्ये पायलटची खुर्ची म्हणून नुसता ठोकळा येतो. या लोकांना ती खरीखुरी लागते, पट्ट्यांसकट, बकलांसकट. कॉकपिटचे, म्हणजे पायलटच्या बसायच्या जागेचे, असे भाग वेगळे, बारीक कामाचे करून आम्ही विकतो. मी कम्प्युटरवर डिझाईन करते. नितीनभाऊ मालक, पुण्यातली नोकरी सोडून गावाकडे आलेले. आणि त्यांचे सख्खे मामा, शेषरावमामा, रबराचे साचे करून त्यात रेझिन, म्हणजे थिजून कडक होणारा प्लास्टिकचा रस, ओततात. बस, तीन माणसं.

आमचा माल जर्मनीतले एक क्लाऊससाहेब विकतात. त्यांचा मेल आला की दुसऱ्या एका कंपनीची तक्रार आहे. तुमचा मिग विमानाचा कॉकपिट सेट म्हणजे त्यांच्या मालावरून साचा काढून केलेली नक्कल आहे म्हणे. खरंखोटं होईपर्यंत तुमचा सगळा माल दुकानातून उतरवतो.

आमच्या धंद्यात यापेक्षा घाण शिवी नाही. एकदा नक्कलखोर म्हणून नाव झालं की जगात कोणी तुमच्या मालाला हात लावत नाही. नितीनभाऊ तो मेल वाचून जे उठले, ते दिवसभर खाली बसलेच नाहीत.

"आपन केलं ते चोरीचं?" एवढंच म्हणत दोन खोल्यांत येरझारा घालत होते.

मी तर बसल्या जागी बसणारी बाईच नव्हे. माऊस धरला की काही सुचायचं नाही, सोडला की राग यायचा. म्हणून मग किस्से!

*

मी रोज दारव्ह्याहून जीपने येते. एकदा ड्रायव्हरने विचारलं, "ताई, तुमी लोहाऱ्याले काय काम करता वो?"

मी म्हटलं, "विमानाच्या सीटा बनवतो."

सगळी जीप माझ्याकडे वळून पाहायला लागली. एका आजोबांनी तर मला खिडकीजवळची जागा दिली. मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

पण गप्प बसेन तर ती मी कसली. पर्समधून डबी काढली आणि सीट बोटाच्या टोकावर ठेवून दाखवली. तुरीच्या दाण्याहून थोडी मोठी. ड्रायव्हरने गाडी हळू केली, आरशातून पाहिलं, मग मान वळवून पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "अशा सीटा आमच्या जीपीत लावून द्या ना! एका टायमाले समदं दारव्हा घेऊन येतो!"

आजोबांनी खिडकीची जागा परत मागितली.

*

आता मामा. मामा म्हणजे आमचा हात आहे. साच्यात ओतलेल्या रेझिनमध्ये बुडबुडा राहिला तर माल वाया, आणि मामांच्या मालात बुडबुडा सापडत नाही. पण माणूस महा हेकट! कम्प्युटरकडे पाहणार नाही म्हणजे नाही. "डोयातून पानी येते," म्हणतात. हातात आला तेवढा तुकडा बोटांनी चाचपायचा, ओतायचा, पुढे सरकवायचा. पाहायचं काम आमचं.

आणि खर्रा! तंबाखू-सुपारीची ती पुडी तासाला एक लागते. मी आत खर्ऱ्याला बंदी घातली, कारण सुपारीचा एक कण साच्यात गेला तर पायलटच्या खुर्चीला गाठ येते. मामा भांडले, दोन दिवस रुसून बसले. शेवटी तडजोड झाली. पुडी राखाडी रुमालात बांधून बाहेर खिडकीवर राहील, आणि लागेल तसे मामा बाहेर जातील.

"आपल्याच कारखान्यात आपल्यालेच बॉर्डर!" असं रोज एकदा ऐकवतात.

*

आमच्याकडे मे महिन्यातही घासायच्या टेबलावर पंखा लावत नाहीत. यवतमाळचा मे! घाम पुसायला वेगळा माणूस ठेवावा लागेल. पण पंखा लावला की माल उडतो. पायलटचा कंट्रोलचा दांडा म्हणजे काय, पापणीच्या केसाएवढा.

अशात नितीनभाऊंचे सासरे जावयाचा कारखाना पाहायला आले. पांढरं धोतर, भरगच्च मिशा, सोबत आंब्यांची पेटी. आम्ही स्वागताला दारात, आणि सासरे सरळ आत. तिघंही घामाने निथळताना पाहून त्यांना कळवळा आला.

"पोरंहो, एवढ्या उकाड्यात काहून बसले?" म्हणून त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. फुल्लवर!

आठवडाभराचे दांडे एका सेकंदात गुल. नितीनभाऊ ओरडले, "बाबाजी, हलू नका! पाय वर घ्या!"

सासरे खुर्चीवर पाय घेऊन बसले आणि आम्ही तिघं त्यांच्याभोवती गुडघ्यांवर रांगत होतो. बराच वेळ झाला. माणूस चांगला, पाय खाली सोडले नाहीत. बाकी सगळे दांडे सापडले, एकच सापडेना. शेवटी मामांनी जवळ जाऊन त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि चिमटा मागितला.

"पाव्हनं, शिंकू नका बरं," मामा म्हणाले. "तुमच्या मिशीत इमान चालवाचा दांडा हाय!"

*

ज्या मिगवरून हे सगळं झालं, ते आम्ही प्रत्यक्ष पाहून आलेलो. शेजारच्या जिल्ह्यात एका शाळेच्या मैदानात जुनं विमान उभं आहे. त्याला नवा रंग द्यायचं काम निघालं, म्हणून वरची काच उघडली होती. बातमी कळली तसे आम्ही गाडी काढून पळालो.

मुख्याध्यापक कडक. "दहा मिनिटं. आतल्या कशाला हात लावायचा नाही. काही हललं तर माझी नोकरी जाईल."

अलीकडच्या शिडीवर मी कॅमेरा घेऊन. पलीकडच्या शिडीवर मामा, एका हाताने उघडी काच धरलेली, दुसऱ्यात टॉर्च. खाली नितीनभाऊ मुख्याध्यापकांना बोलण्यात गुंतवून ठेवत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं कॉकपिट पाहत होते हो! काय टिपतेय ते न पाहता बटण दाबत सुटले.

"मामा, टॉर्च डावीकडं! डावीकडं म्हणते ना!"

"तुयी डावी का मायी डावी?" मामा ओरडले. "आधी ठरव ना भैताडे!"

*

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले, तर डाव्या हाताच्या बटणांच्या पट्टीवर, अगदी मागच्या कोपऱ्यात, काहीतरी होतं. कापडी, फुगीर, वर गाठ मारलेलं. टॉर्चच्या उजेडाने निम्मं पांढरं पडलेलं. परदेशातल्या कोणत्याही फोटोत ते दिसेना.

मी म्हटलं, "सोडून देऊ."

नितीनभाऊ खवळले. "सोडून कायले द्याचं? जे हाय ते दाखवाचं! हे फक्त आपल्या देशातल्या इमानात असन, बाहेरच्यायले मायीतच नसन!"

मग तर्क सुरू झाले. मी म्हटलं, ओल शोषणारी पिशवी असेल. नितीनभाऊ म्हणाले, एखाद्या हँडलवरचं कव्हर. नाव काही ठरेना, म्हणून फाईलमध्ये नुसतं 'पार्ट नंबर सतरा' लिहिलं. गाठीचे दोन कान, एक लांब, एक आखूड, जसेच्या तसे काढले. आकार तिळाएवढा. मामांनी बोटाने चाचपला, "लय बारीक हाय बावा," म्हणाले आणि ओतून दिला.

आणि ऐका, लोकांनी डोक्यावर घेतला! परदेशातल्या एका गृहस्थाने लिहिलं की इतकी वर्षं मॉडेलं करतोय, पण डावीकडची ही गाठ दाखवणारे तुम्ही पहिलेच. त्याने ती खाकी रंगवून फोटोही टाकला. नितीनभाऊंनी तो फोटो बायकोला दाखवला, सासऱ्यांना पाठवला, दालमिलच्या हमालांनासुद्धा दाखवला.

*

मग तुम्ही म्हणाल, चोरी केली नाही तर मूळ फोटो आणि फाईली दाखवा ना!

दाखवल्या असत्या. पण मागच्या उन्हाळ्यात लाईन गेली आणि परत आली ती अशी आली, की दालमिलची मोटर, आमचा फ्रिज आणि कम्प्युटर एकदमच गेले. डिस्क जळाली. मी कपाळाला हात लावून रडायलाच बसले.

नितीनभाऊ शांत. "रडू नको ज्योती. मी समद्याचा बॅकअप घेऊन ठेवला हाय."

माझा जीव भांड्यात पडला. "कुठं ठेवलाय भाऊ?"

"त्याच कम्प्युटरवर. दुसरं फोल्डर करून!"

कॅमेऱ्यातलं कार्ड तर केव्हाच पुसून त्यांनी मुलीच्या वाढदिवसाला वापरलं होतं. त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले ते इथे सांगत नाही. मालक आहेत, पण ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. आता आमच्याकडे पुरावा म्हणून उरला होता तो फक्त तयार माल, आणि तयार माल तर त्या दुसऱ्या कंपनीकडेही होता!

*

क्लाऊससाहेबांनी शेवटी व्हिडिओ कॉल ठेवला. निकाल त्याच दिवशी. नितीनभाऊंनी घरचा मोठा टीव्ही उचलून आणला. सकाळपासून कोणी जेवलं नव्हतं. मामा चार वेळा बॉर्डरपार जाऊन आले. साडेतीनला कॉल होता आणि तीन वाजल्यापासून आम्ही बंद टीव्हीकडे पाहत उभे.

साहेब दिसले. माणूस सरळ. म्हणाले, "मला वाद नको. दोन्ही सेट माझ्यासमोर आहेत, दोन्ही सारखे आहेत." आणि त्यांनी भिंगाच्या कॅमेऱ्याखाली दोन तुकडे ठेवले. टीव्हीभर दोन गाठोडी दिसायला लागली, ताटाएवढी! एक लांब कान, एक आखूड कान. दोन्हींना!

"ज्याने खरं विमान पाहिलं, त्याला हे काय आहे ते माहीत असणार," साहेब म्हणाले. "त्या कंपनीने लगेच उत्तर दिलं. आणीबाणीत हवा सोडायच्या हँडलवरचं हे कापडी कव्हर आहे, आणि त्यांनी ते स्वतः मोजून घेतलं आहे. आता तुम्ही सांगा."

नितीनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. माहीत होतं कोणाला? ओल शोषणारी पिशवी म्हणून ठोकून द्यावं असं मनात आलं, पण ते चुकीचं निघालं तर चोरीवर शिक्काच! नितीनभाऊंचे डोळे भरून आले होते. गेलं सगळं, असंच वाटलं मला.

मागून मामांचा आवाज आला. "हे काय टीव्हीवर?"

"मामा, थांबा ना! तोच सतरा नंबर हाय," नितीनभाऊ चिडून म्हणाले.

"हा सतरा नंबर?" मामा टीव्हीच्या अगदी जवळ गेले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हटेनात. मग वळले आणि तडक बाहेर निघून गेले.

आले ते खिडकीवरचा राखाडी रुमाल घेऊन. कॅमेऱ्यासमोर तळहातावर धरला. गाठ. एक कान लांब, एक आखूड.

"त्या दिवशी इमानाच्या शिडीवर दोन्ही हात गुतले होते माये," मामा म्हणाले. "एका हातात काच, एका हातात तुया टॉर्च. तं हा रुमाल मी कुठीसा ठेवणार होतो?"

साहेब टीव्हीतून पुढे वाकले. नितीनभाऊ एकदा रुमालाची गाठ, एकदा टीव्हीतली गाठ ताडून पाहत होते. मामांनी गाठ सोडली, पुडी उघडली, चिमूटभर खर्रा तळहातावर घेऊन मळला. आत, टेबलापाशी! मी अडवलं नाही.

"नितीन," तोंडात टाकत मामा म्हणाले, "त्या सायबाले सांग, हे माया खर्ऱ्याचं गाठोडं होय. आन् त्या मोजून घेणाऱ्यायले एवढंच इचाराले सांग, का माया खर्रा त्याईच्या इमानात कसा गेला?"