नानांच्या फोटोसाठी दोन बांबू

आमचे नाना ठणठणीत आहेत, हे मला अख्ख्या गावाला पटवून द्यावं लागलं.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचा एक दोस्त गेला आणि पोरांनी त्याचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. ते बघून आल्यापासून नानांना जेवण गोड लागेना.

"माजंबी असंच कराल! आधार कार्डात मी विहिरीवरची मोटार चोरल्यावानी दिसतोय!"

"मग स्टुडिओत जाऊ."

"नगं. त्यो फोटोवाला मागं काश्मीरचा पडदा लावतोय. मी चाकणच्या पुढं कदी गेलो न्हाई!"

सकाळ-संध्याकाळ हाच धोशा. शेवटी वैतागून मी म्हटलं, मीच काढतो! मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता : घरच्या घरी, स्वस्तात, स्टुडिओसारखा उजेड. दोन बांबूंवर पांढरं कापड ताणायचं आणि मागे बल्ब लावायचा, म्हणजे उजेड मऊ पडतो. दुसऱ्या बल्बला मडक्याचं टोपण, बुडाला भोक पाडून. सोपं काम! (व्हिडिओवाल्याला नाना नव्हते.)

जुन्नरच्या बाजारपेठेत असलं सगळं एकाच दुकानात मिळतं. मी मोटारसायकल लावली आणि सांगितलं, दोन बांबू, पांढरं मांजरपाट, सुतळी, एक मडकं. दुकानदार ओळखीचा. त्याचा चेहरा खाडकन उतरला. मला वाटलं, पित्त झालं असेल.

"कुनासाठी, भाऊ?"

"नानांसाठी."

"अरारारा! अचानक?"

"अचानक कुठलं? कधीपासून चाललंय. घरातले सगळे कंटाळलेत!"

"मग सुटले म्हनायचं. किती वाजता?"

"चारला. जास्त वेळ ठेवून चालायचं नाही, चेहरा उतरतो. तेवढं मडक्याला भोक पाडून देता?"

"हितं न्हाई पाडत, भाऊ. तितं पाडत्यात," तो दबक्या आवाजात म्हणाला.

'तिथं' म्हणजे घरी, असं मी समजलो. निघताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. इतका मायाळू दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता.

घरी नाना नवं धोतर नेसून ओसरीवर तयार! मी मडक्याला भोक पाडलं, बल्ब टांगले, बटण दाबलं आणि लाईट गेली. अर्थात! आमच्याकडे ती कामाच्या वेळीच जाते.

"आली की उठव," म्हणून नाना खाटेवर आडवे झाले आणि माशा बसतात म्हणून तोंडावर पांढरं उपरणं ओढून घेतलं. मी खाटेशेजारी बांबूंना कापड बांधत बसलो.

तेवढ्यात अंगणात माणसं जमायला लागली. पुरुषांनी टोप्या काढलेल्या, बायकांचे पदर डोळ्यांना! दुकानदारानं गावात फोन केला होता आणि गावच्या ग्रुपवर नानांना श्रद्धांजली पडली होती. (फोटो आधार कार्डावरचाच! कुठून मिळवला, देव जाणे.) मी ओरडून सांगणार, तर दातात सुतळी. लोकांना वाटलं, मला हुंदका आवरेना!

गर्दीतून किसनराव पुढे घुसले. त्यांचं आणि आमचं शेत लागून, त्यामुळे बोलणं कित्येक वर्षं बंद. त्यांनी नानांच्या पायांवर डोकंच टेकलं.

"नाना, लई चुकलं रं माजं! बांध मीच कोरला व्हता! लोकांत खोटं बोललो!"

उपरण्याखालून आवाज आला, "किती कोरलास?"

"हातभर!" किसनराव रडता रडता बोलून गेले. मग ते असे किंचाळले की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं.

नाना उपरणं फेकून उठून बसले. "ऐकलं का रं समद्यांनी? हातभर म्हनला!" त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. नेमकी तेव्हाच लाईट आली, दोन्ही बल्ब झकास पेटले, आणि मी फोटो मारला!

पुढचा तासभर मी शिव्या खाल्ल्या. कुणाची कांदालागण अडली होती, कुणाची मजुरी बुडाली होती. लोणीहून निघालेल्या आत्याला परत फिर म्हणून फोन केला, तर ती म्हणाली, "आता गाडी केलीच हाय, तर त्याला बघूनच जाते!"

सगळे गेल्यावर मी दबकत फोटो नानांना दाखवला. मऊ उजेड, मोकळं हसू, डोळ्यांत चमक. असा फोटो नानांचा आजवर कुणी काढला नव्हता. माझी छाती फुगली.

नानांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला. मग फोटोतल्या स्वतःच्या खांद्यामागे बोट ठेवलं. तिथे दोन बांबू, त्यांवर ताणलेलं पांढरं कापड आणि वर भोक पाडलेलं मडकं, सगळं अगदी स्पष्ट आलं होतं.

"गाढवा," नाना म्हणाले, "काश्मीर नगं म्हनलं, तर तू मागं मसणवाटाच लावलास व्हय!"