आधी सॅम्पल, मग गोळी

माझ्या जिभेला हाड नाही, हे सासूबाईंपासून हॉस्पिटलच्या लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला सांगून झालं होतं. मी दिल्लीतल्या एका सरकारी हॉस्पिटलात टेक्निशियन होते, जंतूंच्या लॅबमध्ये. वॉर्डातून रक्त यायचं, पू यायचा. त्यातले जंतू आम्ही वाढवायचे, याला कल्चर म्हणतात, आणि ते कुठल्या औषधाने मरतात ते डॉक्टरांना कळवायचं. या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: आधी सॅम्पल, मग अँटिबायोटिक. औषध आधी पोटात गेलं तर रक्तातले जंतू अर्धमेले होतात, बाटलीत वाढत नाहीत, आणि रिपोर्ट येतो की काहीच नाही. पेशंटच्या अंगात मात्र ते ठाण मांडून बसलेले असतात.

हे न पाळणाऱ्यांवर माझा तोंडाचा पट्टा सुटायचा. त्या वर्षी मेडिसिनच्या वॉर्डात एक नवी डॉक्टर आली होती, कानपूरची, अबोल मुलगी. तिने एका पेशंटचं रक्त दोन इंजेक्शनं देऊन झाल्यावर पाठवलं. मी फोनवर म्हटलं, "डॉक्टर साहब, ये कल्चर नहीं, मज़ाक है. पहले पढ़ के आइए, फिर ख़ून भेजिए." लॅबमध्ये सगळे हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्याच महिन्यात आमच्याच घरात ताप शिरला. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. हे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन यांच्या हृदयाची एक झडप थोडी बिघडली होती, पण त्रास असा कधी नव्हता. दाढ काढली, आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांनी रोज संध्याकाळी अंग गरम व्हायला लागलं. तोंडातले जंतू दाढेच्या जखमेतून रक्तात जातात आणि बिघडलेल्या झडपेवर घर करतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला असं झालं असतं तर मी त्याला त्याच दिवशी रक्त द्यायला पिटाळलं असतं.

पण संसदेचं अधिवेशन चालू होतं, यांना रजा मिळत नव्हती, आणि मला वाटलं, घसाबिसा असेल. आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्या मराठी घरांत बिस्किटांचा एक रिकामा डबा असायचा, त्यात उरलेली औषधं. अर्ध्या अर्ध्या पट्ट्या वाटीभर साखरेसारख्या या घरातून त्या घरात फिरायच्या. मी आमच्या डब्यातली अँटिबायोटिकची पट्टी काढली आणि यांना सहा गोळ्या दिल्या. ताप उतरला. गोळ्या संपल्या, ताप पुन्हा चढला. मग खालच्या मजल्यावरून आणखी चार आणल्या. त्यातली शेवटची यांनी सकाळी चहाबरोबर घेतली, आणि दुपारी ऑफिसात अशी हुडहुडी भरली की दोघांनी धरून गाडीत घातलं.

आमच्याच हॉस्पिटलात आणलं, तर वॉर्डात तीच कानपूरची डॉक्टर होती. यांना एक्स-रेला नेलं होतं. तिने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "घर पर कोई एंटीबायोटिक दी थी?"

मी म्हटलं, "नहीं."

तिने मान वर केली. "पक्का?"

"मैं लैब में हूँ, डॉक्टर साहब. मुझे नहीं पता होगा?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी त्या मुलीला शिकवू शकले असते. तिने "नो" लिहिलं आणि तासाभरात रक्त काढून तीन बाटल्या खाली आमच्याच लॅबमध्ये पाठवल्या. वॉर्डच्या मोठ्या साहेबांचं मत होतं की पेशंटला लगेच धोका नाही, कल्चर येईपर्यंत औषध नको, म्हणजे नेमकं औषध देता येईल. सगळं पुस्तकात असतं तसं चाललं होतं. फक्त पुस्तकाला माझ्या दहा गोळ्या माहीत नव्हत्या.

माझ्याबरोबर पानिपतची एक बाई काम करायची, रोज पॅसेंजरने यायची-जायची. माझ्या घरचं म्हणून बाटल्या तिनेच हातात घेतल्या. रोज सकाळी ती एकेक बाटली खिडकीशी धरायची. जंतू वाढले की आतलं पाणी गढूळ होतं. पहिल्या दिवशी निवळ. दुसऱ्या दिवशी निवळ. "दीदी, साफ़ है," ती आनंदाने सांगायची. साफ का, ते मला एकटीला ठाऊक होतं.

वर यांची तब्येत खालावत होती. नखांखाली लाल बारीक रेघा उमटल्या, झडपेवरचे कण रक्तात सुटल्याची खूण. निम्मी दाढी केली की हात खाली यायचा. डॉक्टर दिवसातून दोनदा छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत उभी राहायची. ती झडपेचा आवाज ऐकते हे मला कळत होतं. झडपेवरचा एखादा कण सुटला आणि मेंदूत गेला तर माणूस उठत नाही, हेही कळत होतं. मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. वॉर्डच्या दारापर्यंत जायचे. तिचा चेहरा दिसला की मला तो फोन आठवायचा, ते हसणं आठवायचं, आणि मी "अच्छा, अच्छा" करत परत फिरायचे. नवरा खाटेवर आणि मला माझ्या नाकाची काळजी. लाज वाटते लिहायला, पण असंच होतं.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरने मला बोलावलं. म्हणाली, कल्चर साफ आहे, हृदयाच्या इकोमध्येही ठळक काही दिसत नाही. इतक्या दिवसांचा ताप आहे, तर मोठ्या साहेबांना हा टीबी वाटतो. उद्यापासून टीबीची औषधं सुरू करू, परवा घरी सोडू.

टीबीची औषधं महिनोन् महिने चालतात. तेवढ्यात झडपेची चाळण झाली असती. मी "ठीक है" म्हणून जिना उतरले. लॅबच्या दाराला हात लावला आणि तिथेच पाय थांबले. आत पानिपतवाली त्याच निवळ बाटल्या पुन्हा उजेडात धरून बघत होती. माझ्यासाठी, बिचारी. मी मागे वळले आणि धावतच वर गेले.

डॉक्टर टेबलाशी लिहीत होती. आजूबाजूला दोन नर्स, एक शिकाऊ डॉक्टर. म्हटलं, असू देत. "मैंने झूठ बोला था," मी म्हटलं. "दवा दी थी. मैंने ही दी थी."

तिने पेन थांबवलं. "कितनी?"

"दस."

"आख़िरी कब?"

"जिस दिन भर्ती हुए. सुबह."

तिने बोटांवर दिवस मोजले. "पाँच दिन हो गए. अब असर निकल गया होगा," एवढंच म्हणाली आणि नर्सकडून नव्या बाटल्या मागवल्या. चार शब्द सुनावले असते तर मी सुटले असते. पण तिने मला आत यांच्या खाटेशी नेलं, स्वतः दोन्ही दंडांतून रक्त काढलं, आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. टीबीचा कागद फाडून टाकला.

दुसऱ्या सकाळी बाटल्या निवळच होत्या. तो दिवस कसा गेला ते मला सांगता येणार नाही. तिसऱ्या सकाळी पानिपतवालीने एक बाटली खिडकीशी धरली, हलवली, आणि माझ्यासमोर धरली. पाणी गढूळ होतं. तिने काचपट्टीवर थेंब घेतला, रंग दिला, आणि मायक्रोस्कोपसमोरून उठून मला जागा दिली. जांभळे ठिपके, माळेत ओवल्यासारखे. तोंडातले जंतू. साध्या पेनिसिलिनने मरणारे. वॉर्डात फोन मीच लावला. "डॉक्टर साहब," म्हटलं, "ग्रोथ है." पलीकडून ती म्हणाली, "थैंक यू, मैडम." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग यांना सांगायला गेले. खिचडी खात होते. मी सगळं सांगितलं, फोनपासून खोटेपणापर्यंत. हे चमचा बाजूला ठेवून म्हणाले, "मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी मलाही तीनदा विचारलं, घरी काही घेतलं होतं का म्हणून. मी विचारलं, मिसेस काय म्हणाल्या? डॉक्टर म्हणाल्या, त्या तर नाही म्हणतात. मग मीही नाही म्हटलं."

"अहो, पण गोळी घेतल्यावर कल्चर येत नाही, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"पंधरा वर्षं तुझ्याबरोबर संसार करतोय. कळणार नाही का?"

"मग?"

"तुला तिथे रोज नोकरीला जायचंय," हे म्हणाले, आणि चमचा पुन्हा उचलला.

माझी अब्रू राखायला हा माणूस पाच दिवस मरायच्या वाटेला लागला होता, आणि वर खिचडीत मीठ कमी आहे म्हणत होता. मी खाटेच्या कडेवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. शेजारच्या खाटेवरचे सरदारजी घाबरून उठून बसले. "क्या हुआ जी? रिपोर्ट ख़राब आई क्या?"

"नहीं जी," यांनीच त्यांना सांगितलं. "रिपोर्ट बिल्कुल ठीक है."