मुहूर्ताला हाताने फिरवलेला पंप

"मॅडम, कुलूप काढा. मुहूर्त टळंल," आबा म्हणाले.

पंपाच्या मेन स्विचला मी स्वतःचं कुलूप लावलं होतं. किल्ली खिशात. आबा पाणी संस्थेचे चेअरमन. आटपाडीकडच्या त्यांच्या गावात डाळिंबं फुलावर आलेली, आणि टाकीत पाणी चढवायला हा एकच पंप. बाहेर अख्खं गाव, ढोलवाले, पेढे. आत मी, सांगलीहून पंप बसवायला आलेली इंजिनिअर, नाही म्हणतेय.

कारण साधं होतं. पंप आणि मोटर यांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, एका रेषेत असावे लागतात. त्याला अलाइनमेंट म्हणतात. ती मी आदल्या दिवशी करून ठेवली होती. सकाळी पाइपवाल्यांनी काय करावं? पाइप पंपाच्या तोंडाशी जुळेना, तर चेनब्लॉकने, म्हणजे साखळीच्या कप्पीने, ओढला आणि बोल्ट आवळले. उद्घाटन ना! घाईत सगळं माफ! असा ताणलेला पाइप पंपाला खेचत राहतो. रेष बिघडते, बेअरिंग तापतं, दोन्ही शाफ्ट जोडणारं कपलिंग तुटतं. उडालेला तुकडा समोर कोण उभं आहे ते विचारत नाही. 'उद्घाटनापुरतं चालवा' या प्रकाराचा मला मनापासून संताप आहे.

सांगलीच्या ऑफिसात आमच्या सरांना फोन लावला.

"अगं, पाच मिनिटं फिरव. फोटो होऊ देत."

"सर, बेअरिंग गेलं तर नवीन येईपर्यंत बागांना पाणी तुम्ही घालणार?"

"बघ तुझं तू," म्हणून सरांनी फोन ठेवला. आबा मात्र मागे हटणाऱ्यांतले नव्हते.

"आमच्यात मुहूर्ताला चाक फिरलंच पायजे."

"फिरवू की. पण विजेवर नाही. तुमच्या हाताने."

कपलिंगवर मी डायल बसवला. घड्याळासारखं मापयंत्र ते. रेष चुकली की काटा पळतो. नारळ फुटला. आबांनी फेटा सावरून शाफ्ट फिरवला.

"आयला! ह्यो काटा तर बिथरलेल्या मेंढरावानी पळतोय!"

"म्हणून कुलूप."

"आवं, मग आदी दाखवायचं न्हाई व्हय?"

आबा तडक बाहेर गेले आणि ओरडले, "मुहूर्त झाला! पंप फिरला! पाणी जेवणानंतर!"

बोल्ट सैल केले तसा पाइप दणकन बाजूला उडाला. दारातल्या काकू पाइपवाल्यांना म्हणाल्या, "जबरदस्तीचं लगीन लावलं व्हतंसा की रं!" हसण्याने पंपघर दणाणलं. बिचाऱ्यांनी मुकाट्याने पाइपच्या तोंडाची चकती, म्हणजे फ्लँज, कापून सरळ जोडला आणि पाइपखाली पक्का आधार दिला. मग डायलवर नजर ठेवून एकेक बोल्ट आवळला. काटा जागचा हलला नाही. कपलिंगवर गार्डचं झाकण बसवलं आणि कुलूप काढलं.

पंप एका सुरात घुमला. थोड्या वेळाने टाकीवरून कुणीतरी टॉवेल फिरवला. "आलं! आलं!" ढोल सुटले. आबांनी ग्रीसच्या हाताने मला पेढा भरवला आणि सेफ्टी बुटांसकट नाचायला ओढलं. मी नाचले. वाईट नाचले.

पाइप पंपाशी आपणहून जुळला पाहिजे. ओढून आणावा लागला, तर स्विचला हात लावू नका. चेअरमन तापले, तर शाफ्ट त्यांना फिरवायला द्या.