पुनमेपर्यंतची मुदत

जशुमासीच्या घरात घासाघीस न करता आलेली एकही वस्तू नाही. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या की ती म्हणते, तीन ठेवा. मुलीच्या लग्नात तिने गोरमहाराजांशी विधींवरून घासाघीस केली, आणि लग्न मुहूर्ताआधीच आटोपलं. राजकोटमध्ये भाव सगळेच करतात. तरी मासी बोलायला लागली की आम्हीही थांबून ऐकतो.

ती नवरात्रीचे दागिने विकते. कवड्यांचे हार, आरशांचे कमरपट्टे, काळपट झुमके. दुकान नाही. मोबाइलवर जाहिरात द्यायची, ऑर्डर घ्यायची, कुरियरने पाठवायची. मी साहित्यात एम.ए. केलं आणि आता तिच्या झुमक्यांवर चार ओळी लिहिते. जाहिरातीचं खातं हेच तिचं दुकान. ते नवरात्रीच्या तोंडावर बंद पडलं तर सगळं वर्ष गेलं. ज्या कंपनीकडे ते खातं आहे, तिला दर कमी करण्याविषयी मासीने माझ्याकडून कितीतरी पत्रं लिहून घेतली होती. एकाचंही उत्तर आलं नाही.

परवा भर दुपारी तिचा फोन आला. या वेळेला अख्खं राजकोट झोपलेलं असतं. मासी जागी आहे म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजून मी धावले.

गेलं कोणी नव्हतं. मेल आला होता. तुमच्या जाहिरातींनी नियम मोडले आहेत, संध्याकाळी खातं कायमचं बंद होईल, दाद मागायची असेल तर खालचं बटण दाबून अधिकाऱ्याशी बोला.

मी पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. त्यात कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. कोणीही फुकटात काढावा तसला पत्ता. मी म्हटलं, मासी, हा चोर आहे. खरी सूचना असेल तर खात्यातही दिसेल, आधी ते उघडू.

"चोर कधी संध्याकाळपर्यंत थांबतो का?" मासी म्हणाली, आणि बटण दाबलं.

अधिकारी हजरच होता. त्याने लिहिलं, पासवर्ड पाठवा आणि मोबाइलवर येईल तो कोड पाठवा. म्हणजे दुकानाच्या दोन्ही किल्ल्या. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवला आणि मोबाइल माझ्याच हातात दिला.

"इंग्रजीत लिही. संध्याकाळ जमणार नाही. शरद पुनमेपर्यंत थांबा."

"मासी, पूनम नवरात्र संपल्यावर येते."

"म्हणून तर."

नुसती मुदतच मागायची आहे, किल्ली द्यायची नाही, म्हणून मी लिहिलं. उत्तर तिथल्या तिथे आलं. चालेल. फक्त पासवर्ड आणि कोड आत्ता पाठवा.

मासीने चष्मा लावला. पुन्हा वाचायला सांगितलं.

"एकदाही नाही म्हणाला नाही?"

"नाही."

"दोन दिवस कमी करा, असंही नाही?"

"नाही, मासी."

खोटी नोट हातात आल्यासारखा तिचा चेहरा झाला. "मग हा चोरच. ती कंपनी मला नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडत नाही, आणि हा पहिल्या मागणीला पूनम देतो? माल खोटा असल्याशिवाय कोणी एवढं सोडतं का?"

मी म्हटलं, मी मघाशी हेच सांगत होते.

"तू पत्ता सांगत होतीस. पत्त्याने काय कळतं?"

मी ते सगळं बंद केलं आणि खातं नेहमीच्या वाटेने उघडलं. सूचना नव्हती. जाहिराती चालू होत्या. तरी मी पासवर्ड बदलला. तेवढ्यात वडोदऱ्याच्या एका बाईने विचारलं, दोन जोड घेतले तर किती सोडाल? मासीने लिहायला लावलं: एकच भाव.

मग ती आडवी झाली. मी चपला घालत होते. मला वाटलं, तिला झोप लागली.

"किन्नरी," ती डोळे मिटूनच म्हणाली, "दिवाळीपर्यंत मागायला हवं होतं."