साहेबाच्या डोक्यावर खजूर, आचाऱ्याच्या डोक्यावर सागवान

“सही करा मॅडम, रविवारी जेसीबी येतोय,” असं म्हणत थॉमस सरांनी रिपोर्टचं शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. ओमानमधल्या सूर शहराच्या पलीकडे, समुद्रकाठच्या एका गावात आमची साइट होती. पोर्टा केबिनचा एसी घरघरत होता. पानावर लिहिलं होतं, किचन ब्लॉक अनसेफ, पाडून टाकावा. खाली माझं नाव, रेहाना, स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि सहीसाठी रिकामी जागा. माझ्या सहीशिवाय पाडता येत नव्हतं, आणि माझी सही झाली की वाचवता येत नव्हतं.

स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणजे इमारत उभी राहील की बसेल हे सांगणारा माणूस. नव्या इमारतीचं गणित कॉम्प्युटरवर सुटतं. जुनीचं तिच्यापाशी बसून सोडवावं लागतं. मी श्रीवर्धनची. नोकरीतली बहुतेक वर्षं मस्कतमध्ये गेली, राहायला माबेल्याला. इतक्या वर्षांत मॉल झाले, गोदामं झाली, शाळा झाल्या. ही इमारत मात्र वेगळी होती, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून मी तिच्यावर लट्टू होते.

ती इंग्रजांच्या काळातली खबर काढायची चौकी. हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारने या किनाऱ्यांवर आपली माणसं बसवली होती. कोणतं गलबत लागलं, त्यातून बंदुका उतरल्या का, डोंगरापलीकडे कोणाचं कोणाशी बिनसलं, हे सगळं वर कळवायचं. पगार आणि डागडुजी बरीचशी हिंदुस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे आपल्याच पणजोबांच्या शेतसाऱ्यातून, आणि पणजोबांना त्याचा पत्ता नाही. त्यातही लंडनवाले म्हणायचे खर्च तुम्ही करा, इकडचे म्हणायचे अर्धा तुम्ही उचला. त्या हुज्जतीत चौकीचं छप्पर गळत राहायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर उंटही हजर होते.

आता या चौकीचं छोटं म्युझियम होणार होतं. काम आमच्या कंपनीकडे. क्लायंटतर्फे सालिम नावाचा निझव्याचा इंजिनिअर होता, शांत माणूस, मला ‘मोहंदिसा’ म्हणायचा. मोहंदिसा म्हणजे इंजिनिअरबाई. किचन पाडू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. पण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की रिपोर्टमध्ये अनसेफ शब्द आला तर माझे हात बांधले जातील, पब्लिक येणार आहे, मी धोका घेऊ शकत नाही. थॉमस सर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, कोचीच्या ऑफिसातून नुकतेच ओमानला आलेले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट खलास झालेली बघायची घाई होती, आणि किचनच्या जागेवर त्यांना टॉयलेट ब्लॉक दिसत होता.

किचनची समुद्राकडची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. वरपासून खालपर्यंत तडे. बघणारा कोणीही घाबरला असता. मी महिनाभरापूर्वी तड्यांवर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. यांना आम्ही टेलटेल म्हणतो. तडा सरकत असेल तर काच फुटते, शांत असेल तर तशीच राहते. एवढं साधं आहे. सरांना मी म्हटलं, रविवारी पट्ट्या शेवटच्या बघते, मग काय ते लिहिते. सरांनी कपाळाला हात लावला आणि जेसीबीवाल्याला फोन लावला.

मला एक गोष्ट मात्र काही केल्या सुटत नव्हती. साहेब जिथे बसायचा त्या ऑफिसच्या छपराला खजुराचे ओंडके होते, स्वस्तातले, वाळवीने खाल्लेले. आणि किचनला जाड मलबारी सागवान, धुराने काळंभोर झालेलं, पण एक तुळई वाकलेली नाही. ऑफिसच्या भिंतीला ठिगळं, तर किचनच्या भिंतीला सारूजचे थरावर थर. सारूज म्हणजे भाजलेली माती आणि चुना यांचा इथला गिलावा, पाणी मुरू देत नाही. चार माणसांच्या चौकीला एवढी ओळीने चुलाणं कशाला? पैशाची मारामार असताना हे लोक आचाऱ्याचे एवढे लाड का करत होते?

उत्तर शेख हमदांच्या बैठकीत मिळालं. जनरेटरची केबल त्यांच्या खजुराच्या बागेतून न्यायची होती, म्हणून गुरुवारी मी आणि सालिम परवानगी मागायला गेलो. शेख हमद गावातले मोठे, पांढरी दाढी, डोळे मिश्कील. मी बसल्या बसल्या केबलचं काढणार, तर सालिमने डोळ्यांनीच गप्प केलं. आधी खजूर, मग हलवा, मग कहवा. कहवा म्हणजे वेलचीची बिनदुधाची कॉफी, इवल्याशा कपात. कप पुढे केलात की पुन्हा भरतात. पुरे असेल तर कप हलकेच डावी-उजवीकडे हलवायचा, तोंडाने नको म्हणायचं नाही. मग येते खरी रीत. पाहुण्याला बातम्या विचारायच्या. कुठून आलात, वाटेत काय दिसलं, तिकडे काय चाललंय. पाहुण्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी मधे न बोलता ऐकायचं. इथे वाळवंटातून आलेल्या माणसाला असंच विचारत आलेत.

माझं कोणी एवढं मन लावून ऐकलं की मी थांबत नाही. रस्त्याचं काम कुठे अडलंय ते सांगितलं. मस्कतला मासा कसा महागलाय ते सांगितलं. मग बजेट कसं आखडलंय, सर कसे घाईला आलेत, आणि रविवारी जेसीबी येतोय, सगळं सांगून मोकळी झाले. शेखसाहेबांनी एकही प्रश्न टोकदार विचारला नाही. नुसते “अच्छा, बिन्ती” म्हणत राहिले. बिन्ती म्हणजे माझी मुलगी, आणि हिंदी त्यांना छान यायचं. मी कप हलवला तेव्हा माझ्या पोटात काही शिल्लक नव्हतं.

गाडीत बसले आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मी सालिमला म्हटलं, “अरे, आत्ता माझ्याकडून जे काढून घेतलं, तेच त्या किचनमध्ये व्हायचं.” दुर्बिणीतून गलबत दिसतं, गलबतावरच्या माणसाच्या मनातलं दिसत नाही. ते कहव्याला बसवल्यावर कळतं. म्हणून एवढी चुलाणं आणि चांगलं लाकूड तिकडे. हातात पैसे थोडे, मागितले तर वरून नकार, तरी ज्याने कोणी ही चौकी चालवली त्याला नेमकं कळलं होतं की आपलं कामाचं यंत्र कोणतं आहे. स्वतः गळक्या छपराखाली बसला आणि चुलीवर सागवान घातलं. हेरगिरीचं मला कौतुक नाही, पण त्या माणसाच्या अकलेला मी मनातल्या मनात सलाम केला. सालिम बराच वेळ नुसता हसत होता.

घरी इरफानला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, इंग्रजांनी तुला नोकरीला ठेवलं असतं तर साम्राज्य पन्नास वर्षं आधी बुडालं असतं.

रविवारी साइटवर पोचले तर जेसीबी बंद. किचनच्या जमिनीवर सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर अर्धं गाव थर्मास घेऊन बसलेलं. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. मधोमध जेसीबीचा ड्रायव्हर, हातात खजूर. त्याला बसवून घेतलं होतं आणि तो आपल्या गावाकडच्या बातम्या सांगत होता. कहवा चालू असताना पाहुण्याला उठवायचं नसतं, त्यामुळे थॉमस सर दारात नुसतेच उभे होते. तेवढ्यात सालिमला वरून फोन आला की गावात काय चाललंय, आणि पाडायचं नक्की कोणी ठरवलं.

सरांनी मला बाजूला घेतलं. “ही बातमी बाहेर गेली कशी?”

“माझ्याकडून,” मी म्हटलं. “पण पट्ट्या आधी बघा, मग ओरडा.”

आम्ही तिघांनी एकेक काच बघितली. एकही फुटली नव्हती. भिंत कधीतरी, फार पूर्वी, पुढे आली होती, आणि कोणीतरी तिला सारूजचा जाड थर देऊन तिथेच थांबवलं होतं. तेव्हापासून ती तशीच उभी आहे. वाकलेली आहे, पडणारी नाही. मी सरांना स्पष्ट सांगितलं की मी अनसेफ लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. स्टिचिंग करू, म्हणजे तड्यांवर आडव्या स्टेनलेस सळ्या घालून टाके मारू, आतल्या पोकळ्या सारूजने भरू, भिंत तुमच्या-माझ्यानंतरही राहील. नोकरी जाईल का हा विचार तोवर मनात येऊन गेला होता. मग सागवानाची गोष्ट सांगितली. सरांनी मान वर करून एकेक तुळई बघितली. ते मलबारचे. लाकूड त्यांच्याच मुलखातलं होतं.

“पण टाक्यांचा खर्च?” त्यांचा आवाज उतरला होता.

सालिमकडे उत्तर तयार होतं. गेटजवळ काचेचा नवा कॅफे बांधायचा होता, तो रद्द. कॅफे या किचनमध्येच. टॉयलेट मागच्या मोकळ्या जागेत. बेरीज तिथल्या तिथे जुळली. मी रिपोर्टचं ते पान फाडलं, नवं लिहिलं आणि त्यावर सही केली.

काम संपलं, उद्घाटन झालं. जुन्या चुलाणांपैकी एकावर कहवा उकळत होता आणि वाढायला शेख हमदांचे पुतणे होते. सागवानाखाली सगळे मांडी घालून बसले. मला इतका आनंद झाला होता की दोनदा डोळे पुसले. थॉमस सर शेखसाहेबांच्या शेजारी, सालिम समोर. सरांचा कप रिकामा झाला की भरला जायचा. सर आपुलकीने बोलत होते. कोची, मुलीचं कॉलेज, हेड ऑफिस. मग पुढचं टेंडर, पलीकडच्या किल्ल्याचं, क्लायंट तोच. मग त्यात आम्ही किती मार्जिन धरलंय आणि गरज पडली तर कितीपर्यंत खाली येऊ शकतो. सालिम मान हलवत ऐकत होता, मधे एक शब्द नाही.

किल्ल्याचं काम आम्हालाच मिळालं, अगदी त्या शेवटच्या आकड्याला. सर अजून विचारतात की सालिमला आकडा कळला कसा. तेव्हापासून मी नव्या माणसाला साइटवर हेल्मेट देते आणि कप कसा हलवायचा तेही शिकवते. सरांना तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं.