मोसंबीची पानं

बहात्तरच्या दुष्काळात मी वाटूरजवळच्या एका शाळेत नवा मास्तर होतो. सायकलीवरून जाताना रस्त्याकडेच्या मोसंबीच्या बागेत एक बाई रोज दिसायची. ती तिथली मजूर. विहीर आटल्यावर मालकाने बाग सोडून दिली होती, ती मात्र येतच होती.

एका सकाळी ती झाडांची हिरवी पानं तोडत होती. मी थांबून ओरडलो, "मावशी, जिती झाडं कशाला मारता?"

हात न थांबवता ती म्हणाली, "मारून न्हाई राह्यले, गुरुजी. पानावाटंच पाणी उडून जातंय. एवढ्या पानांना पाजायला पाणी कुठंय? औंदा नुसतं जगू द्या, फळाचं मंग बघू."

तोडलेली पानं तिने बुडाशी जाड पसरली. उन्हाने मातीतली उरलीसुरली ओल जाऊ नये म्हणून. मी हेच वर्गात पुस्तकातून शिकवत होतो. मी सायकल लावून जवळ गेलो.

"मालकानं सांगितलं का?"

"न्हाई. पन माझ्या हातानं लावल्यात मी ही झाडं."

पुढे पाऊस झाला आणि अर्ध्याहून जास्त झाडांना पालवी फुटली. तोवर ती पोटासाठी घनसावंगीकडे उसाच्या कामाला गेली होती. मालक मला खुशीत बाग दाखवायला लागला, तेव्हा मी त्याला तिच्याबद्दल सांगितलं.

"कोन बाई? लई बाया होत्या कामाला," तो म्हणाला. "नाव काय तिचं?"

मला सांगता आलं नाही.