आखाजीच्या घागरीतली खळबळ

आता काय सांगू तुम्हाला, मराठीच्या मास्तराने शब्दाचा अर्थ तोंडानेच सांगावा, हात लावू नये. मी लावला, आणि वरवट बकालजवळच्या माझ्या सासुरवाडीत पेरणीच निघाली!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलो होतो. त्या दिवशी आपल्याकडे पाण्याने भरलेली नवी घागर चार ढेकळांवर मांडतात, वर खरबूज ठेवतात. जेठ म्हणजे ज्येष्ठापासून पावसाळ्याचे चार महिने, चार ढेकळं. घागर रात्रभर पाझरते. सकाळी जे ढेकूळ जास्त ओलं, त्या महिन्यात पाऊस जास्त. सासऱ्यांचा वेधशाळेवर नाही एवढा विश्वास त्या ढेकळांवर!

पुरणपोळी हाणून बसलो होतो. सासरे पेपर वाचत होते.

"जवाईबुवा, पेपरात रोज खळबळ माजते. हा शब्द आला कुठून?"

झालं! इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही पोराने मला असं आपणहून विचारलं नव्हतं.

"पाण्याच्या आवाजातून, मामाजी! पाणी ढवळलं की जसं वाजतं, तशी माणसांची मनं ढवळली की खळबळ."

"म्हंजे कसं?"

"डोळे मिटा आणि ऐका."

त्यांनी मिटले. मी खरबूज उचललं, घागरीत हात घातला आणि घुसळलं की हो! काय आवाज आला म्हणता! खाली काय सांडलं, ते कोण बघतो? खरबूज परत जागेवर.

"वा, जवाईबुवा!" सासरे खूश. मी त्याहून खूश.

सकाळी बोंब उठली. "जेठाचं ढेकूळ पुरं इरघळलं!" शेजारीपाजारी जमले. सासऱ्यांनी जाहीर केलं, "यंदा पाण्याची वाट नाही पाहाची. सारी सरकी धुळीतच पेरून टाकतो!"

अहो, पाऊस लांबला तर कपाशीचं सगळं बी मातीत मरणार!

"काऊन घामाघूम झाले?" बायकोने विचारलं.

"मामाजी," मी कसंबसं म्हणालो, "कालचा तो आवाज... याच घागरीचा होता."

सासऱ्यांनी ढेकळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसत हसत खालीच बसले.

"अन मले वाटलं, तुमी तोंडानं काढला! साऱ्या गावाले सांगून आलो ना, आपला जवाई पान्याचा आवाज काढते म्हून!"

एका शब्दाने रागावले नाहीत हो. असा सासरा नशिबानेच मिळतो.

यंदाही सासूबाईंचा प्रेमाने फोन आला, "जवाईबुवा, आखाजीले नक्की या. पुरन वाटून ठेवते. फक्त घागर उचलल्यावर या!"